‘मुदत’ आणि ‘मदत’

भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ‘मुदत संपली’ अशी सूचना यावी आणि ओळीची खालची कड कापली गेल्याने ती ‘मदत संपली’ अशी वाचली जावी! उकार, ऋकार असे अर्धवट कापले जाणे आता नवे राहिलेले नाही. आपण तो यंत्राचा दोष मानतो. वास्तविक दोष आहे तो परिभाषेचा.

डिझाइन शिकणारा आपला विद्यार्थी आरंभीच बेसलाइन, एक्स-हाइट, लेडिंग हे शब्द पाठ करतो. शब्द परके आहेत ही तक्रार नव्हे. ज्ञान कोठूनही घ्यावे. परंतु ही सारी रोमन लिपीच्या अंगाची मापे आहेत. एक्स-हाइट म्हणजे रोमनमधील लहान एक्सची उंची. ज्या लिपीत लहान-मोठी अक्षरे हा भेदच नाही, तिला हे माप जसेच्या तसे कसे लागू पडावे? रोमन अक्षर तळरेषेवर उभे असते, देवनागरी अक्षर शिरोरेखेला लटकते. रोमन मथळ्यातील अक्षरे विलग केली तर तो डौलदार दिसतो. देवनागरीत तसे केले की शिरोरेखाच तुटते. लेडिंग म्हणजे दोन ओळींतील अंतर. छापखान्यात त्यासाठी शिशाच्या पट्ट्या घालीत, त्यावरून हा शब्द आला. वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार सांभाळणाऱ्या आपल्या लिपीला हे अंतर अधिक लागते. रोमनच्या मापाने ते ठरवले, की ‘मुदत’चा उकार जातो.

आपल्यापाशी शब्द नव्हते, असेही नाही. काना, मात्रा, वेलांटी, रफार शाळकरी मुलालाही ठाऊक आहेत. खिळा आणि जुळारी हे शब्द छापखान्याने दिले. जावजी दादाजींनी १८६९ साली स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणू रावजी आरू यांनी देवनागरीचे देखणे खिळे घडवले. पुढे संगणकयुगात र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी ‘मंगल’ हा अक्षरसंच रेखाटला. अक्षराचा स्वभाव आधी आणि माप नंतर, हाच या कामाचा धडा आहे.

तेव्हा इंग्रजी संज्ञा खुशाल शिकवाव्यात. पण त्याआधी शिरोरेखा शिकवावी. ज्याला आपल्या लिपीच्या अवयवांची नावे सांगता येत नाहीत, त्याला तिची दुखणी तरी कशी कळणार? आणि त्या दुखण्याचे मोल मोजतो तो मराठीखेरीज दुसरे काही न वाचणारा साधा माणूस. मुदत टळून गेल्यावर त्याच्या मदतीला कोण येणार?