यॉर्कटाउन, लिंकन आणि महाल

ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रे ठेवली आणि अमेरिकेचे स्वातंत्र्य जवळपास पक्के झाले. त्याच काळात इंग्रजांना हिंदुस्थानातूनही उखडण्याचा डाव नाना फडणविसांनी हैदर अली आणि निजामाला सोबत घेऊन मांडला होता. त्यात बंगालवर चालून जाण्याचे काम नागपूरच्या मुधोजी भोसल्यांकडे होते. त्यांचा मुलगा चिमणाजी फौज घेऊन निघालाही, पण कटकला जाऊन थबकला. वॉरन हेस्टिंग्जने लाखो रुपये मोजून भोसल्यांना थोपवले. अमेरिकेत हरलेल्या इंग्रजांचे बंगालमध्ये निभावले, याचे थोडे श्रेय नागपूरच्या महाल भागातल्या भोसले दरबारालाही जाते. मिरवावे असे ते नाही, पण लपवावे कशाला?

अमेरिका आणि नागपूर यांची दुसरी गाठ कापसाची.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि लिंकनच्या आरमाराने दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस तिथूनच येई. त्या ओस पडल्या. मग इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाड आणि हिंगणघाटकडे वळली. वऱ्हाड १८५३ मध्येच निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आले होते आणि पुढच्याच वर्षी भोसल्यांचे राज्यही खालसा झाले होते. भाव भडकले, मुंबईत पैशाचा पूर आला. इकडे मात्र नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली ती १८६७ मध्ये, म्हणजे युद्ध संपून दोन वर्षे झाल्यावर! ऐन तेजीत या मुलखातला माल बैलगाडीच्या चाकांवर निघे.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेची शरणागती आली, कापूस गडगडला आणि मुंबईतल्या भल्याभल्यांचे दिवाळे निघाले. त्या तडाख्यात सापडलेल्या टाटांच्या पेढीतला तरुण जमशेदजी तेव्हा लंडनमध्ये होता. पुढे त्याने कापूस पिकतो तिथेच गिरणी काढायचे ठरवले आणि १ जानेवारी १८७७ रोजी महालजवळच, जुम्मा तलावाशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. कोणी सावकार म्हणे हसला होता, टाटा जमिनीत पैसे पुरतोय म्हणून. याच गिरणीत पुढे सूत कातणाऱ्या रिंग चात्यांचा प्रयोग झाला. ते तंत्रही अमेरिकेतलेच.

आपल्या शाळांत मात्र लिंकन एका धड्यात, वऱ्हाडचा कापूस दुसऱ्यात आणि भोसले तिसऱ्यात. मुलांना तिघे एकमेकांना भेटतच नाहीत. नागपूरच्या शिक्षकांना तर सहल दूर न्यायचीही गरज नाही. भोसल्यांच्या वाड्यापासून निघावे आणि आज गांधीसागर म्हणवणाऱ्या त्या तलावापर्यंत चालत यावे. अमेरिकेच्या इतिहासाचे दोन तास तिथेच घेता येतील. महापालिकेने तलावाकाठी चार ओळींचा फलक लावला, तर शिक्षकांचे काम आणखी सोपे होईल.