व्हॅनमध्ये बाज टाका, पण पत्रा कापू नका



धानाची मळणी आटोपली, केंद्रावर माल मोजून झाला, की ज्या गावांत उन्हाळी धानाला पाणी नाही तिथली तरुण मंडळी दोन-तीन महिने मोकळी होतात. दिवाळीनंतरच्या मंडईपासून महाशिवरात्रीच्या गायमुखच्या जत्रेपर्यंत हा काळ पूर्वीही फिरण्याचाच होता. आता त्यात एक नवीन कल्पना निघाली आहे. जुनी मारुती व्हॅन स्वस्तात घ्यायची, मागे झोपायची आणि स्वयंपाकाची सोय करायची, गावातून तांदूळ व वर्गणी गोळा करायची आणि आनंदवन, हेमलकसा अशा ठिकाणी स्वतः नेऊन पोचवायची. आंबागडच्या आजूबाजूला मला याबद्दल दोन-तीनदा विचारणा झाली. वडीलधारे म्हणतात, पोट्ट्यांना फिरायला पाहिजे, दानाचं नुसतं निमित्त. फिरायला पाहिजे हे खरे आहे आणि त्यात वाईट काही नाही. प्रश्न एवढाच की दानाच्या नावावर निघालेली गाडी दानाला उपयोगी पडते की दानच खाऊन टाकते?

हिशोब करून पहा. आंबागडहून तुमसर, भंडारा, वरोरा, चंद्रपूर करत हेमलकसा गाठायचे आणि परत यायचे म्हणजे आठशे-नऊशे किलोमीटर धरा. जुनी व्हॅन लिटरला तेरा-चौदा किलोमीटर देईल. साठ-पासष्ट लिटर पेट्रोल, म्हणजे आजच्या भावाने सहा हजारांच्या वर. गाडीत तांदूळ किती जाईल? माणसांसकट दोन क्विंटल गेला तरी पुष्कळ. साध्या तांदळाची किंमतही तेवढीच, सहा-सात हजार. म्हणजे जितक्याचा तांदूळ तितक्याचे पेट्रोल! बरे, आनंदवनाच्याच सोमनाथ प्रकल्पात, मूल तालुक्यात, स्वतःची धानशेती आहे. धानवाल्याच्या घरी धान नेण्यात काय हशील? आधी पत्र टाकून विचारा, तुम्हाला कशाची गरज आहे. पैसे हवे असतील तर ते बँकेतून एका दिवसात पोचतात, त्यासाठी गाडी लागत नाही.

मग गाडी कशाला? तर जे बँकेतून पाठवता येत नाही ते नेण्याला, म्हणजे हात. चार धडधाकट पोरं आठ दिवस राहून बांध घालतील, कुंपण करतील, ते तांदळाच्या पोत्यापेक्षा मोलाचे. सोमनाथला मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरत आलेली आहे, ती याच विचाराची. आणि इथेच गाडीतल्या बाजेला अर्थ येतो. आपण मदतीला गेलो आणि यजमानालाच आपल्या अंथरुण-पांघरुणाची, जेवणाची काळजी लावली, तर ती मदत कसली? आपली झोपायची जागा आणि आपली चूल आपल्यासोबत असली म्हणजे आपण कोणावर भार होत नाही. पेट्रोल मात्र जाणाऱ्यांनी आपल्या खिशातून टाकावे. गावकऱ्यांच्या वर्गणीला त्याचा हात लागता कामा नये.

गाडीत झोपायची सोय करून मोठ्या कामासाठी निघण्याचा नमुना आपल्या विदर्भातच आहे. बाबा आमटे यांनी १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा काढली, तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते आणि मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नव्हते. उभे राहायचे नाहीतर आडवे पडायचे. तरुण मुले-मुली सायकलवर आणि बाबा गाडीत आडवे, असा तो प्रवास झाला. पुढे १९८८ मध्ये इटानगरहून ओखापर्यंत दुसरी यात्रा निघाली. त्या गाडीतला बिछाना शौकाचा नव्हता, त्याच्यावाचून तो माणूस निघूच शकला नसता. परदेशातही २००४ साली इंग्लंडमधून मंगोलियाच्या वाटेवर एक रॅली सुरू झाली. तिच्यात मुद्दाम लहान इंजिनाच्या जुन्या मोटारी घेऊन धर्मादाय कामासाठी पैसे जमवीत जायचे असते. स्वस्त गाडी घेतली की दानाला जास्त उरते, हा त्यांचा हिशोब आपल्यालाही पटण्यासारखा आहे.

आता गाडीचे. मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढे तिचे नाव ओम्नी झाले आणि २०१९ मध्ये ती निघणे बंद झाले. म्हणजे मिळेल ती जुनीच. पंधरा वर्षे झालेली असेल तर नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का ते आधी पहा. ती फी २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेची पाच हजार झाली, म्हणून पुष्कळ लोक तसेच रखडत ठेवून गाडी विकून मोकळे होतात. दुसरे, गॅसचे किट बसवलेले असेल तर त्याची नोंद आरसी बुकात पाहिजेच. नोंद नसलेली गॅसवरची गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

तुमच्या आजोबांची बंडी आठवा. वैशाखात शेणखत, कार्तिकात धानाचे भारे आणि जत्रेच्या वेळी वर बुरडाचा तट्टा टाकला, खाली अंथरूण टाकले की घरची बायका-पोरं गायमुखला. जत्रेहून आले की तट्टा गोठ्यावर. बंडी बंडीच राहिली. व्हॅनचेही असेच करायचे. जे बसवाल ते काढता आले पाहिजे. पलंग वेल्ड करू नका, छत कापून उंच करू नका, खिडकी पाडू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ बांधणीत परस्पर बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला आयते कारण मिळते ते वेगळेच. वेल्डिंगवाला सांगेल, काही होत नाही भाऊ, सगळेच करतात. त्याला चौकीवर उभे राहायचे नसते.

ही गाडी बाहेरून जेमतेम अकरा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद. आडवा माणूस सरळ झोपू शकत नाही, लांबीतच झोपावे लागते, म्हणून आत दोघे आणि बाहेर दोघे असे धरून चाला. बाजूचा सरकता दरवाजा उघडून त्याला घरची ताडपत्री बांधली की बाहेरच्या दोघांची सोय झाली. प्लायवूडच्या मागे लागू नका. १२ मिलिमीटरचा आठ बाय चारचा एक तुकडा वीस किलोच्या वर जातो. बांबूच्या कामट्यांची घडीची चटई करवून घ्या, वजन कमी आणि बुरडाच्या घरी चार पैसे जातील. मागचे बाक पुढे पाडून खाली दोन पेट्या ठेवायच्या, त्यावर चटई आणि गोधडी. मच्छरदाणी विसरू नका. गडचिरोलीकडे हिवतापाला हसण्यावारी नेत नाहीत.

एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगतो. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते आणि चालकापुढे बॉनेट नसते. त्यामुळे सीटखालच्या झाकणावर गोधड्या, कपडे कोंबू नका, ते तापते. आणि मागचे सामान मोकळे ठेवू नका. ब्रेक लागला की पन्नास किलोचे पोते पुढच्याच्या मानेवर येते. पोती सीटला टेकवून, फरशीवर, दोराने बांधलेली. टपावर काही नको, आधीच ही गाडी वळणावर हलकी वाटते. चालत्या गाडीत बाजेवर कोणी झोपायचे नाही, सगळे सीटवर, पट्टा लावून.

स्वयंपाक गाडीत करायचाच नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली फरशीवर साचतो आणि बंद गाडीत त्याला बाहेर जायला वाट नसते. रात्री थंडी वाजते म्हणून आत निखाऱ्याची शेगडी ठेवणे किंवा इंजिन चालू ठेवून झोपणे, यातला विषारी धूर ना दिसतो ना वास येतो. झोपलेला माणूस उठत नाही. तीन दगडांची चूल बाहेर मांडा, तिच्यात आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. झोपताना दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटे खाली.

निघायचे डिसेंबर-जानेवारीत. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागड अनेकदा तुटते आणि तशीही रोवणी सोडून दानाला निघालेला कास्तकार मला तरी पटत नाही.

शेवटी सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील मंडळींना विनंती. पोरं वर्गणीला निघाली की कौतुक करून सोडून देऊ नका. गणेश मंडळाला वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी लागते, तसेच या वर्गणीसाठीही आधी त्या कार्यालयात विचारपूस करायला लावा. छापील पावती पुस्तक, वेगळे बँक खाते आणि परत आल्यावर जमा-खर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. पेट्रोलचा कागदही तिथेच लावा, तो कोणाच्या खिशातून गेला ते लिहून. आणि गाडी परत आली की चटई आणि पेट्या उतरवून ठेवायला सांगा. एप्रिल-मे मध्ये गावातले मातीचे नमुने एकत्र करून तपासणीला पाठवायला मला दरवर्षी गाडी शोधावी लागते, त्यांची व्हॅन तेव्हा रिकामी असेल तर मी स्वतः पेट्रोल टाकून न्यायला तयार आहे.