डायलिसिसचे यंत्र आले, शिकवणार कोण?

डायलिसिस सुरू असताना अनेक रुग्णांना थंडी वाजते. रक्त नळ्यांतून बाहेर जाऊन परत येत असते, कक्षात एसी चालू असतो आणि चार तास एका जागी पडून राहायचे असते. मग नातेवाईक घरून आणलेली चादर गळ्यापर्यंत ओढून देतात. त्या चादरीखाली सुया टोचलेला हातही झाकला जातो. हा हात उघडा आणि डोळ्यांसमोर राहायला हवा, हा डायलिसिस कक्षातला अगदी साधा नियम आहे. रक्त परत देणारी सुई निसटली, तर मिनिटाला 300 मिलिलिटर वेगाने चालणारे यंत्र रक्त शरीरात न सोडता अंथरुणात सोडत राहते. पाच मिनिटांत दीड लिटर! यंत्राचा दाबाचा अलार्म अशा वेळी वाजेलच, याची खात्री नसते. सुई निसटली तरी दाबात फारसा फरक पडत नाही, असे होऊ शकते.

‘काका, थंडी वाजली तरी हात बाहेर राहू द्या,’ एवढे म्हणायला पदवी लागत नाही. पण असे का म्हणायचे, हे कोणीतरी नीट शिकवलेले असावे लागते. नाहीतर तंत्रज्ञ दोनदा सांगतो आणि तिसऱ्यांदा, म्हाताऱ्या माणसाची दया येऊन, स्वतःच चादर सारखी करतो.

केंद्राच्या 2016-17 च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली आणि जिल्हा रुग्णालयांमध्ये यंत्रे येऊ लागली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. आठवड्यातून दोन-तीनदा एसटीने मोठे शहर गाठताना घर विकायची पाळी आलेल्या कुटुंबांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. तिचे मोल कमी करण्याचे कारण नाही. मात्र यंत्र बसवणे हा एका दिवसाचा कार्यक्रम असतो, फीत कापता येते, फोटो निघतो. यंत्राशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षे शिकवत राहण्याचा फोटो निघत नाही.

हा माणूस कोण, याचा हिशेब एकदा करून पाहावा. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास डायलिसिस घेणारा रुग्ण वर्षाला 400 हून अधिक तास त्या खुर्चीत किंवा खाटेवर असतो. मूत्रपिंडतज्ज्ञ बहुतेक वेळा मोठ्या शहरात असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी ते येतात तेव्हा एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटे येतात. उरलेले सगळे तास रुग्ण असतो तंत्रज्ञाच्या आणि सिस्टरच्या नजरेखाली. पाय सुजलेत, धाप लागतेय, फिस्टुलाची थरथर आज हाताला लागत नाही, हे सगळ्यांत आधी त्यांनाच कळू शकते.

किती पाणी काढायचे, हा तर रोजचा प्रश्न. समजा, 50 किलो वजनाचा माणूस दोन डायलिसिसच्या मध्ये चार किलोने वाढून आला. लग्नसराई होती, पंगतीत बसला, वर दोन ग्लास ताक झाले. यंत्रावर चार लिटरचा आकडा टाकला की यंत्र चार तासांत चार लिटर निमूटपणे काढून देते. पण तासाला दर किलो वजनामागे साधारण 13 मिलिलिटरच्या वर जाऊ नये, अशी मर्यादा सर्वत्र सांगितली जाते. 50 किलोच्या माणसासाठी चार तासांचा हिशेब 2.6 लिटरवर थांबतो. त्यापुढे रक्तदाब कोसळतो, पायात गोळे येतात, हृदयावर ताण पडतो. उरलेल्या पाण्याचे काय करायचे – वेळ वाढवायची, जादा सत्र द्यायचे, की डॉक्टरांना फोन करायचा – हा निर्णय घेण्यासाठी गुणाकार पुरेसा नाही, पण गुणाकारापासून सुरुवात होते. तो करायची सवय लावणारा एखादा तक्ता यंत्राशेजारच्या भिंतीवर असतो का?

पाण्याचेही तसेच आहे. एका डायलिसिसला 120 लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागते आणि ते रुग्णाच्या रक्तापासून फक्त एका पातळ पडद्याच्या अंतरावर असते. पिण्यायोग्य पाणी इथे चालत नाही. पावसाळ्यात गढूळ पाणी आले की नगरपालिका टीसीएल पावडर वाढवते, आणि ते योग्यच असते. पण ते क्लोरीन डायलिसिसच्या पाण्यात उतरले तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात. त्यासाठी कार्बनची गाळणी असते आणि प्रत्येक पाळीआधी क्लोरीन तपासायचे असते. मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम. ही तपासणी म्हणजे काही मिनिटांचे काम. ते रजिस्टरमध्ये कालचा आकडा उतरवूनही भागवता येते, आणि ते का करू नये हे माहीत नसेल तर तसेच भागवले जाते. 1996 मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरातल्या एका केंद्रात निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष असलेले पाणी डायलिसिसला वापरले गेले आणि यकृत निकामी होऊन 50 हून अधिक रुग्ण दगावले. ही घटना डायलिसिस शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात सांगायला हवी, भीती घालण्यासाठी नव्हे, तर रजिस्टरचा तो रकाना कशासाठी आहे हे कळण्यासाठी.

शिकण्याचे साहित्य नाही, असे मात्र मुळीच नाही. ‘केडिगो’ ही आंतरराष्ट्रीय संस्था मूत्रपिंडविकारांची मार्गदर्शक तत्त्वे फुकट उपलब्ध करून देते. दीर्घकालीन विकारावरची तिची आवृत्ती 2024 ची, म्हणजे ताजी आहे. अमेरिकेच्या ‘सीडीसी’ने डायलिसिस कक्षासाठी एकेका पानाच्या याद्या तयार केल्या आहेत: कॅथेटर जोडताना काय करायचे, कोणत्या क्रमाने, हात केव्हा धुवायचे. कोणीही उतरवून घेऊन भिंतीवर लावाव्यात अशा. पण हा सगळा खजिना इंग्रजीत आहे. मार्गदर्शक तत्त्वे तर शेकडो पानांची आणि तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी लिहिलेली. बारावीनंतर डायलिसिसचा अभ्यासक्रम करून बारा तासांची पाळी करणाऱ्या मुलाने ती रात्री मोबाइलवर वाचावीत, अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे त्याला काही न देण्याचाच सभ्य प्रकार.

मराठी म्हटले की लगेच एक चूक होते. डायलिसिसला कोशात ‘अपोहन’ शब्द आहे; कक्षात तो उच्चारला तर सिस्टर आणि रुग्ण दोघेही बुचकळ्यात पडतील. यंत्राच्या पडद्यावर इंग्रजी शब्द येतात, ते तसेच राहू द्यावेत. डायलायझर, फिस्टुला, हेपरिन, ड्राय वेट हे शब्द आता मराठीच झालेत. मराठी हवी ती कारण सांगणाऱ्या वाक्यात: सुई रोज त्याच जागी का टोचायची नाही, हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाचे यंत्र वेगळे का, फिस्टुलाच्या हातावर रक्तदाब का मोजायचा नाही.

हे होऊ शकते, याचा दाखला शेजारीच आहे. राजकोटचे मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. संजय पंड्या यांच्या पुढाकाराने किडनीविषयीचे पुस्तक तीसहून अधिक भाषांत फुकट उपलब्ध झाले. त्यात मराठीही आहे. ते रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी आहे. मीठ किती, शहाळ्याचे पाणी का नको, भाजी उकळून पाणी का फेकायचे, हे त्यांना आपल्या भाषेत वाचता येते. गंमत अशी की नीट वाचणाऱ्या रुग्णाला काही बाबतींत कक्षातल्या नव्या कर्मचाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असू शकते. उपचार करणाऱ्यांसाठी असे पुस्तक, त्याहीपेक्षा पाच-पाच मिनिटांचे व्हिडिओ, तयार करायला काय हरकत आहे?

आणि हे फक्त डायलिसिस कक्षापुरतेही नको. तिथे पोहोचण्याआधी दहा-दहा वर्षे रुग्ण गावातल्या डॉक्टरकडे जात असतो. साठ वर्षांच्या बाईंचा क्रिएटिनिन 1.4 आला, की ‘थोडासाच वाढलाय’ म्हणून कागद बाजूला पडतो. 2021 च्या प्रचलित सूत्राने हिशेब केला तर त्यांच्या मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता 43 च्या आसपास निघते. साठच्या खाली तीन महिने राहिली तरी तो दीर्घकालीन विकार मानतात. हाच 1.4 पंचविशीतल्या तरुणाचा असेल तर क्षमता सत्तरच्या वर येते. आकडा एक, अर्थ दोन. बाई गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घेत असतील तर हा फरक कळणे अगदी निकडीचे. क्षमता तीसच्या खाली गेली की मधुमेहाची नेहमीची मेटफॉर्मिनही थांबवावी लागते. आशाताई घरोघरी रक्तदाब आणि साखरेची चौकशी करतात. गोळ्यांची पाकिटे पाहायला त्यांना शिकवले, तर त्यांच्या एका फेरीत बरेच काही हाती लागेल.

पुस्तक आणि व्हिडिओ पुरेसे नाहीत, हेही खरे. वाचून सुई टोचता येत नाही. भारतात जन्मलेले डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत ‘इको’ हा उपक्रम सुरू केला तो हिपॅटायटिस सी साठी. दूरच्या गावांतले डॉक्टर आणि विद्यापीठातले तज्ज्ञ ठरावीक वेळी व्हिडिओवर भेटत, गावातला डॉक्टर आपला रुग्ण मांडे आणि सगळे त्यावर बोलत. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गावांतले उपचारांचे निकाल विद्यापीठाच्या तोडीचे निघाले. जिल्ह्याच्या डायलिसिस कक्षाला आठवड्यातला एक तास असा मिळाला, आणि गेल्या आठवड्यात रक्तदाब का कोसळला याची चर्चा कोणावर ठपका न ठेवता झाली, तर कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा ते जास्त उपयोगी. अट एकच: हा तास ड्यूटीत धरलेला हवा. पाळी संपल्यावर, सुटीच्या दिवशी, स्वखर्चाने शिका, असे सांगितले की फक्त हौशी माणसे शिकतात.

इथे पैशाचा प्रश्न येतो. खासगी भागीदारीतल्या केंद्रांना पैसे मिळतात ते सत्रांच्या संख्येवर. शिकवण्यात गेलेला तास म्हणजे रिकामी खाट, तोटाच. म्हणून शिक्षणाचा तास सत्राच्या दरातच धरला पाहिजे आणि त्याची नोंद सत्रांइतकीच काटेकोर मागितली पाहिजे. 2021 च्या कायद्याने डायलिसिस तंत्रज्ञांसारख्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली आहे. अमेरिकेत नोकरीला लागल्यापासून 18 महिन्यांत डायलिसिस तंत्रज्ञाला प्रमाणपत्र मिळवावेच लागते. आपल्याकडे नोंदणी आणि पदवीची तपासणी हा या कामाचा पहिला टप्पा असेल. दर काही वर्षांनी हाताने काम करून दाखवायची परीक्षा आणि तिची तयारी मराठीतून, हा दुसरा.

हा खर्च फार मोठा नाही. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या मूत्रपिंडविभागांत अनुभवी सिस्टर आणि तंत्रज्ञ आहेत, ज्यांनी वीस-वीस वर्षे फिस्टुला हाताळले आहेत. त्यांचा हात चालताना मोबाइलवर टिपायचा आणि त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगायचे. निवृत्त होण्याआधी.