अंगणातला इतिहास आणि अजब बंगला

कोल्हापूरच्या पूर्वेस, विमानतळाच्या परिसरात वसलेले गडमुडशिंगी हे करवीर तालुक्यातील एक गाव. गावात वा पंचक्रोशीत लग्न ठरले की बस्ता बांधायला पावले शेजारच्या गांधीनगरकडे वळतात. कापडाची ही घाऊक बाजारपेठ सर्वांच्या परिचयाची आहे. मात्र ही बाजारपेठ इथेच का उभी राहिली, या प्रश्नाचे उत्तर बस्ता बांधणाऱ्या किती कुटुंबांना ठाऊक असेल? ज्या भूमीवर हे गांधीनगर उभे आहे, तिने अवघ्या पाच वर्षांच्या अंतराने दोन उद्ध्वस्त समाजांना आसरा दिला. जगात कुठेही अभिमानाने मिरवावा, असा हा इतिहास आहे.

१९३९ साली पोलंडचे लचके तोडल्यानंतर सोव्हिएत सत्तेने लक्षावधी पोलिश नागरिकांना सैबेरियात हद्दपार केले. त्यातून वाचलेल्यांपैकी सुमारे पाच हजार जण इराणमार्गे भारतात आले आणि १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. शाळा, प्रार्थनामंदिर, रुग्णालय असे एक छोटे पोलंडच पंचगंगेच्या खोऱ्यात नांदले. ते लोक परतू लागले, तोच फाळणीने सिंधमधील हिंदूंच्या पायाखालची भूमी हिरावून घेतली. घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांना याच छावणीतील बराकींत निवारा मिळाला. निर्वासित म्हणून आलेला हा समाज कुणापुढे हात पसरत बसला नाही. डोक्यावर कापडाचे गठ्ठे वाहत त्याने बाजारपेठ उभी केली. निर्वासित हा शब्द मागे पडून पुरुषार्थी हा शब्द सार्थ झाला.

पोलंडने हे ऋण जपले आहे. राजधानी वॉर्सा येथे कोल्हापूरच्या नावाने स्मारक आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे पुष्पचक्र अर्पण केले, तेव्हा वळिवडे हे नाव देशभर ऐकले गेले. २०१९ मध्ये पोलंडचे प्रतिनिधी स्वतः वळिवड्यात येऊन स्मृतिस्तंभाचे अनावरण करून गेले. प्रश्न त्यांच्या कृतज्ञतेचा नसून आपल्या उदासीनतेचा आहे. वॉर्सातील मुलाला जे ठाऊक आहे, ते गडमुडशिंगीच्या शाळेतील मुलाला ठाऊक नसावे काय?

या उदासीनतेची मुळे संग्रहालयाविषयीच्या आपल्या दृष्टीत आहेत. नागपूरचे १८६३ साली स्थापन झालेले संग्रहालय लोकांच्या तोंडी ‘अजब बंगला’ झाले. अजब म्हणजे आपले नव्हे ते, विचित्र ते. परकीय सत्तेने आपल्याच देवमूर्ती, शस्त्रे आणि भांडी काचेआड मांडली आणि आपणही ती परक्याच्याच नजरेने पाहू लागलो. सत्ता गेली, पण ती नजर राहिली. तीर्थयात्रेला जाताना जो भाव मनात असतो, तो संग्रहालयाची पायरी चढताना नसतो. म्हणूनच सहलीच्या कार्यक्रमात संग्रहालय आलेच, तर जेवणाआधीचा अर्धा तास भरून काढण्यापुरते येते.

कोल्हापूरचेच उदाहरण घ्यावे. सीपीआर रुग्णालयात आप्तांना भेटायला जिल्ह्यातील प्रत्येक घरातले कुणी ना कुणी गेलेले असते. त्याच भाऊसिंगजी रस्त्यावर टाऊन हॉलमध्ये संग्रहालय आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ च्या सुमारास झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन वसाहतीचे अवशेष मिळाले. त्यांच्यासाठी १९४६ साली हे संग्रहालय स्थापन झाले आणि १९४९ साली ते टाऊन हॉलमध्ये आले. तेथे ग्रीक-रोमन समुद्रदेवता पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य सागराकडील मूर्ती सह्याद्री ओलांडून करवीरात पोहोचली होती. हिंदू समाज कूपमंडूक होता, असे ज्यांना शिकवले गेले, त्यांनी या मूर्तीसमोर पाच मिनिटे उभे राहावे.

समाजाला आस्था नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. शिवछत्रपतींशी नाते सांगणारी वाघनखे जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्यात आली, तेव्हा लोकांनी त्यांचे उत्साहाने स्वागत केले. कणेरी मठावरील सिद्धगिरी संग्रहालयात बलुतेदारांचे गावगाडे पाहताना आजी नातवाला एकेक वस्तू समजावून सांगताना दिसते. आस्था आहे, तिला सवयीची जोड हवी.

संग्रहालये केवळ शासनाच्या तिजोरीतून उभी राहतात, असेही नाही. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजेच दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या स्मृतीसाठी अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गावोगाव फिरून जमवल्या. १९७५ साली हा सारा संग्रह त्यांनी शासनाच्या स्वाधीन केला. एका माणसाच्या ध्यासातून पुण्याचे हे वैभव उभे राहिले.

अमृतसरच्या टाऊन हॉलमध्ये २०१७ साली फाळणीचे संग्रहालय सुरू झाले. सामान्य कुटुंबांनी दिलेल्या वस्तू आणि सांगितलेल्या आठवणी हाच त्याचा प्राण आहे. १४ ऑगस्ट हा ‘विभाजन विभीषिका स्मृती दिन’ म्हणून पाळण्याची घोषणा २०२१ मध्ये झाली. मग गांधीनगरच्या आठवणी कोण जमवणार? फाळणीच्या वेळी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. त्याच्यासोबत सिंधमधले घर, रेल्वेचा प्रवास, बराकीतली पहिली रात्र हे सारे कायमचे मिटून जाणार आहे. दगड शंभर वर्षांनीही उकरून काढता येतो, आठवण उकरून काढता येत नाही.

गडमुडशिंगी आणि परिसरातील शाळांनी, तरुण मंडळांनी आणि महिला मंडळांनी हे काम हाती घ्यावे. एका वहीत आणि एका ध्वनिमुद्रकावर त्याचा आरंभ होऊ शकतो. नांगराच्या फाळाला जुनी नाणी लागली, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, हेही गावाला ठाऊक असावे. देवळामागे उघड्यावर पडलेला वीरगळ धुण्याचा दगड होऊ नये, यासाठी तर कायद्याचीही वाट पाहण्याचे कारण नाही.

आपल्या घरातील मुलाला वर्षातून एकदा संग्रहालयात नेणे हाही एक संस्कारच आहे. ज्या समाजाला आपल्या अंगणातील इतिहास परका वाटतो, त्याला तो सांगण्यासाठी दुसरेच कुणीतरी पुढे येते आणि मग ते त्यांना हवा तसाच सांगतात.