गुण पडले, इतिहास कळला का?

माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील दरेकसा हे छोटेसे रेल्वेस्थानक माणसांनी फुलून जाते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा दूरदूरच्या प्रदेशांतून आलेले गोंड भाविक येथून कचारगडच्या विशाल गुहेकडे निघतात. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या कथा या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या कंठात जपल्या आहेत. याच दिवसांत राज्यभरातील दहावीचे विद्यार्थी मार्चच्या परीक्षेसाठी इतिहासाच्या टिपा घोकत असतात. गुहेची परंपरा आणि पाठ्यपुस्तकातला इतिहास यांचा परस्परांशी काही संबंध आहे, हे त्या विद्यार्थ्यांना विचारणारा एकही प्रश्न त्यांच्या वाट्याला येत नसेल, तर आपण नेमके काय तपासतो आहोत?

राज्य मंडळाच्या योजनेत इतिहास व राज्यशास्त्र मिळून ४० गुणांची लेखी परीक्षा, तितक्याच गुणांचा भूगोल आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन अशी सामाजिक शास्त्रांची विभागणी आहे. २०१९ साली भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे गुण वगळण्यात आले आणि दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला. ओरड झाली, गुण परत आले आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्क्यांवर पोहोचला. या गदारोळात टक्केवारीची चर्चा उदंड झाली. मुलांना काय येते, याची चर्चा मात्र अभावानेच झाली.

वस्तुतः २०१८ साली आलेल्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकाने चांगले पाऊल टाकले होते. इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य व भारतीय परंपरा, उपयोजित इतिहास, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन असे विषय त्यात आले. परंतु जतनाच्या उपायांची यादी पाठ करून पूर्ण गुण मिळत असतील, तर गावातील वीरगळ ऊनपावसात झिजत असतानाही विद्यार्थी उत्तीर्णच होणार. आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, आकारिक आणि संकलित असे शब्दही रूढ झाले. शिक्षकाच्या नोंदी एका छापाच्या असतील, तर त्या नोंदींत विद्यार्थी कोठेच नसतो.

प्रगती म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या स्थितीतील अंतर. ते मोजायचे तर जूनमधील उत्तर आणि मार्चमधील उत्तर शेजारी ठेवून पाहावे लागेल. १८५७चा स्वातंत्र्यसंग्राम उत्तर भारतापुरताच होता, हे विधान वर्षारंभी विद्यार्थ्यापुढे ठेवावे. चांद्याच्या परिसरात इंग्रजांशी झुंजलेल्या बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली, हे शिकल्यानंतर तेच विधान पुन्हा विचारावे. विद्यार्थी आपले मत पुराव्याच्या आधारे बदलतो का, हे त्यातून कळेल. कचारगडची कथा दोन वृद्धांकडून ऐकून त्याने लिहून आणावी. कोणी सांगितली, केव्हा सांगितली, दोन कथनांत फरक कोठे पडला, त्यात परंपरा कोणती आणि अनुमान कोणते, याची नोंद करावी. अशा कामामुळे श्रद्धेला धक्का लागत नाही. उलट आपल्या आजोबांचे बोलणे नोंदवून ठेवण्याच्या योग्यतेचे आहे, हे वनवासी मुलाला शाळेकडून प्रथमच कळते.

इंग्रजी अमदानीने आपल्या इतिहासाची मोडतोड केली आणि स्वातंत्र्यानंतरही एका विचारगटाने तीच दृष्टी पुढे चालवली, हे आपण सातत्याने मांडत आलो आहोत. ते मांडणे आवश्यकच आहे. तथापि पाठ्यपुस्तकातील नावे बदलली आणि घोकंपट्टी तशीच राहिली, तर पदरात काय पडणार? राणी दुर्गावतीचे १५६४ मधील बलिदान केवळ सनावळीतील एक ओळ म्हणून पाठ झाले, तर परीक्षेनंतर ते विसरलेही जाईल. आपल्याकडील वक्तृत्व स्पर्धांतही दुसऱ्याने लिहून दिलेले भाषण खणखणीत म्हणणाऱ्यालाच बक्षीस मिळते. याचाही विचार व्हावयास हवा.

राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरे धुंडाळत राहिले, म्हणूनच 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडांनी उभी राहिली. डॉ. विष्णू श्रीधर वाकणकरांना १९५७ साली रेल्वेच्या खिडकीतून दिसलेल्या खडकांनी खुणावले आणि भीमबेटका जगापुढे आले. खिडकीबाहेर कुतूहलाने पाहण्याची ही वृत्ती विद्यार्थ्यात वाढली की नाही, हीच इतिहासाच्या अध्यापनाची खरी कसोटी होय.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे. ती कागदावर राहू द्यायची नसेल, तर शिक्षकाला वेळ द्यावा लागेल आणि अशैक्षणिक कामांचे ओझे त्याच्या डोक्यावरून उतरवावे लागेल. समाजानेही हात द्यावा. निवृत्त शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील एखाद्या शाळेतील दहा मुलांसोबत गावाच्या इतिहासाची एक वही तयार करावी. पालकांनी निकालाच्या दिवशी इतिहासात किती गुण पडले, एवढेच न विचारता वर्षभरात काय नवे कळले आणि ते कशावरून खरे मानतोस, हेही विचारावे. कशावरून, असे विचारायला शिकलेल्या पिढीला खोटा इतिहास शिकवणे कोणालाही जमणार नाही.