दोन मुलांच्या आईचे धनुष्य



"लग्न झाले, मूल झाले, आता कसला खेळ?" हे वाक्य आपल्या वस्त्यांत इतक्या सहज बोलले जाते की ते कुणाला खटकतही नाही. म्हणून या वेळी दक्षिण कोरियाच्या किम सू-न्युंग या धनुर्धर बाईंची हकीकत सांगतो.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अवघ्या सतरा वर्षांच्या किमने वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन सुवर्णपदके जिंकली. १९९२ ला बार्सिलोनात सांघिक सुवर्ण व वैयक्तिक रौप्य मिळवले. मग तिने धनुष्य खाली ठेवले. लग्न झाले, दोन मुले झाली. सगळ्यांनी तिचे नाव इतिहासात जमा करून टाकले आणि १९९९ साली बाई पुन्हा मैदानात उतरल्या!

हे काही सोपे नव्हते. या खेळात दर बाणाला साधारण अठरा-वीस किलोची ओढ खेचून हात स्थिर धरावा लागतो, आणि सरावात हे दिवसाला शेकडो वेळा. निशाण सत्तर मीटरवर. त्यातले दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम बारा सेंटिमीटरचे, म्हणजे चहाच्या बशीएवढे. सुटलेला खांदा, पाठ, श्वास, सारे नव्याने कमवायचे. त्यात कोरियाच्या निवड चाचणीत जुन्या पदकांना सवलत नाही. ऑलिंपिक विजेतीलाही कोवळ्या मुलींच्या रांगेत उभे राहून जागा मिळवावी लागते. किमने ती मिळवली. २००० साली सिडनीत एकोणतिसाव्या वर्षी तिने सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्य घेतले. वैयक्तिक सुवर्ण गेले तिच्याच संघातल्या युन मि-जिनला. तिचे वय सतरा! मला मात्र ते कांस्यच मोठे वाटते.

जाता जाता एक गंमत. ऑलिंपिकच्या धनुष्याची दोरी तर्जनी, मधले बोट आणि अनामिका अशा तीन बोटांनी ओढतात. अंगठा लागत नाही. आमच्या एका तरुण कार्यकर्त्याला हे सांगितले, तर तो म्हणाला, "मग द्रोणाचार्यांनी एकलव्याकडे ती तीन बोटे मागितली असती, साहेब."

आपल्याकडचे उदाहरण दीपिका कुमारीचे. रांचीकडच्या रिक्षाचालकाची ही मुलगी २०२२ च्या डिसेंबरात आई झाली. २०२४ च्या फेब्रुवारीत बगदादला आशिया चषकाचे सुवर्ण, एप्रिलमध्ये शांघायला विश्वचषकाचे रौप्य आणि मग पॅरिस ऑलिंपिकची उपांत्यपूर्व फेरी, इथवर ती परत आली. तिचे पती अतनू दास स्वतः ऑलिंपिक खेळलेले धनुर्धर. सराव म्हणजे काय, हे त्या घरात समजावून सांगावे लागत नसणार.

अडते ते इथेच. जिद्द आपल्या मुलींतही आहे. पण त्या वेळी मूल कुणाच्या हातात असते? २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. बाळंतपण हा बाईचा खासगी प्रश्न नाही, हे त्यांनी तेव्हा ओळखले. आपण त्यांच्या जयंतीची मिरवणूक काढतो, आणि घरी येऊन पाण्याचा तांब्या मागतो.

दुसऱ्याला कशाला बोलू? आमच्या वस्तीतली एक सून माहेरी असताना जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळलेली. गेल्या वर्षी जयंतीच्या सामन्यांसाठी नाव द्यायला ती विहारात आली, कडेवर लहान मूल. आम्ही तिचे नाव भोजन समितीत टाकले. ती यादी माझ्याच अक्षरातली आहे. ती काही बोलली नाही. दिवसभर पोळ्या लाटत होती आणि शिट्टी वाजली की मैदानाकडे बघत होती.

यंदा तिचे नाव खेळाडूंच्या यादीत आहे. सासूबाईंची कुरकुर अजून आहे. परवा तिचा नवरा विहारात आला आणि सराव किती ते किती, एवढे विचारून गेला. त्या वेळेत त्याला कामावरून लवकर सुटता येईल का, ते तो बघतो आहे.