संथ पाण्याच्या कांठीं

अ‍ॅम्स्टरडॅम पाहावयाचें तर पायीं, आणि तेंही सकाळच्या प्रहरीं. हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त व प्रिन्सेनग्राख्त हे सतराव्या शतकांत खोदलेले कालवे शहराला कमानीसारखा वेढा घालीत जातात. कांठावर एल्म वृक्षांची सावली. तिच्या आड, जमिनींत रोवलेल्या लांकडी खांबांवर उभीं असलेलीं चिंचोळीं घरें. जिने इतके अरुंद, कीं अवजड सामान माथ्यावरील तुळईच्या आंकड्यास दोर लावून खिडकींतूनच आंत घ्यावें लागतें.

अशी शांतता कोणास नको? परंतु प्रिन्सेनग्राख्तवरील २६३ क्रमांकाच्या घरापुढें पाऊल आपोआप अडखळतें. जुलै १९४२ पासून ऑगस्ट १९४४ पर्यंत याच घराच्या मागील भागांत अ‍ॅन फ्रँक ही ज्यू मुलगी आईवडील, बहीण व आणखी चौघांसह लपून राहिली होती. खालीं काम करणाऱ्यांस चाहूल लागूं नये म्हणून दिवसभर तीं माणसें दबक्या पावलांनीं वावरत. अखेर तीं पकडलीं गेलीं. आठांपैकीं एकटे वडीलच जिवंत परतले.

भरल्या घरांतील मुलांच्या गलक्यास आपण किती वेळां त्रासतों! वाचकहो, त्या दारावरून परतल्यावर मात्र तो गलका कानांस गोड वाटूं लागतो.